पंचनाम्यात बांधलेलं लुगडं

माझ्या थोरल्या जावेनं बांधलेल्या गुळाच्या ढेपेवर एकदा मुंग्यांची पलटण चालून आली. तीन दिवस त्या ढेपेभोवती फिरल्या, आत शिरायची फट काही त्यांना सापडली नाही, आणि शेवटी वैतागून शेजाऱ्याच्या घरात गेल्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. शेजारीण आज असती तर तिनंही सांगितलं असतं, कारण तिचा गूळ त्याच दिवशी संपला.

मी कुंभार पिंपळगावात धाकटी सून म्हणून आले तेव्हा उंबऱ्यातच या बाईनं माझ्या मुठीत एक पुडी ठेवली. सुपारीएवढी. वर मक्याच्या कणसाचं पान, त्याच्या पाकळ्या उमललेल्या, आणि मध्ये बांगडीच्या काचेचा हिरवा तुकडा दवासारखा बसवलेला. आत काय असावं? एक बत्तासा. पण तो बत्तासा खायची हिंमत मला तीन महिने झाली नाही. पुढे तो उंदरानं खाल्ला, पण त्या उंदरानंसुद्धा पानं कुरतडली नाहीत. गाठ सोडली, बत्तासा घेतला आणि पानं नीट बाजूला ठेवून गेला.

तर असे हात. दिसायला साधे, शेणामातीचे, भाकरी थापून चपटे झालेले. मी त्या हातांकडे टक लावून बघायची, आणि ती म्हणायची, "अगं धाकटे, चूल विझून राह्यली, तिकडं बघ की जरा."

आमच्या भागात उघडी वस्तू कुणाच्या हातावर ठेवत नाहीत. वाटीभर पीठ उसनं द्यायचं झालं तरी वरून पदर. मग लग्नातल्या आहेराचं तर विचारायलाच नको. आत खण असो की पैठणी, वरून झाकलेला, बांधलेला, सजवलेला पाहिजे. गरीब माणसं पळसाच्या पानात बांधून देत, पण बांधून देत. उघडा आहेर दिला म्हणजे समोरच्याला भिकारी म्हटलं.

आणि याच एका गोष्टीपायी आमच्या नणंदेचं पहिलं लग्न मोडलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी वरपक्षाला वेशीवर सामोरं जाऊन मानपान करतात, त्याला आमच्याकडे शेवंती म्हणतात. त्या शेवंतीला गर्दीत कुणा म्हाताऱ्या आत्याचा खण उघडाच दिला गेला. झालं. म्हातारी रडायला लागली, माणसं उठली, गाड्या जुंपल्या, आणि नवरदेव वेशीवरूनच परत गेला. वन्सं हळदीच्या अंगानं दारात उभ्या राहून धूळ बघत राहिल्या. ती हळद त्यांच्या अंगावरून आठ दिवस निघाली नाही, असं आम्ही सांगायचो. खरं म्हणजे त्या आठ दिवस न्हायल्याच नाहीत.

दोन वर्षांनी दुसरं स्थळ आलं, पलीकडच्या तालुक्यातलं. आता पुन्हा वेशीवरून गाड्या फिरल्या असत्या तर तिसरं स्थळ त्यांना मिळणार नव्हतं. हे घरात कुणी बोलत नव्हतं. सासरे गावचे पोलीस पाटील, चोरांना दरडावणारा माणूस, पण त्या दिवसांत त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की कुत्रंसुद्धा त्यांच्यावर भुंकायला धजावलं.

मध्यस्थ निरोप घेऊन आला: आहेर अकराच हवेत, जास्त नको. साधे चालतील. पण विहीणबाईंच्या घरात उघडा आहेर येत नाही, आणि खुद्द विहीणबाईंना लुगडं पाहिजे.

जर्मनची लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. कापडावर कंट्रोल. परमिट असेल तर कापड, आणि परमिट कुणाला मिळतं ते देवाला आणि कारकुनाला ठाऊक. सासरे जालन्याला चार खेपा घालून आले. दहा खण मिळाले, तेही असे विरविरीत की दोन पदरी धरले तरी पलीकडचा माणूस ओळखू यावा. लुगडं मात्र मिळालं नाही.

त्या दिवशी दुपारी जाऊबाईनं आपली पत्र्याची ट्रंक उघडली. तळातून एक लुगडं काढलं. कुसुंबी रंग, नारळी काठ, पदराच्या दशा अजून कापलेल्या नाहीत, विणकराची खळ अजून अंगात. तिच्या आईनं ते दिलं होतं, बारशाला नेस म्हणून. बारसं काही झालं नाही. अकरा वर्षं ते तसंच घडीत पडून होतं.

"मामंजींना सांगायचं, माझ्या भावानं जालन्याहून आणलं," ती म्हणाली. "ट्रंकेतलं हाय म्हणून कुठं बोलायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

मला समजावून सांगायची गरज नव्हती. घरातल्या सुनेच्या ट्रंकेतलं कापड आहेर म्हणून देणं म्हणजे पाहुण्यापुढे उष्टं ताट सरकवणं. कोरं असलं म्हणून काय झालं, लोक थोडेच दशा मोजायला बसतात?

मग बांधायला सुरुवात झाली, आणि पुढचे चार दिवस मी जे पाहिलं ते पाहून माझं तोंड जे उघडं राहिलं ते शेवंतीपर्यंत मिटलं नाही.

जाऊबाईजवळ राकेलचा एक रिकामा डबा होता. घरात जे जे फेकायचं ते ते त्या डब्यात जायचं. कांद्याची सालं, लसणाची टरफलं, फाटक्या पटक्याच्या चिंध्या, अंबाडीचे वाख, गावात कुणा हौशी माणसानं सिगारेट ओढली की त्या पाकिटातली चांदी. जोंधळ्याच्या ताटातलं पांढरं भेंड तिनं विळीवर इतकं पातळ कापलं की चकती तळहातावर ठेवली तर खालच्या रेषा वाचून ज्योतिषानं भविष्य सांगावं. त्या चकत्यांची शेवंतीची फुलं झाली. कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटीला उरलेली वाळकी बोंडं तिनं चुन्यात बुडवली, आणि ती पाच पाकळ्यांची चाफ्याची फुलं होऊन बाहेर आली. चिकटवायला चिंचोक्याची खळ. रंगाला पळसाची फुलं, हळद, नीळ.

त्या विरविरीत खणांतला एक खण पोपटाच्या पोटात गेला. पोपट शिंदीच्या पानांचा, चोच मिरचीची. दुसरा खण लसणाच्या टरफलांच्या हंसात. हंसाची मान अशी वळवली होती की आपण उजवीकडे गेलो की तो उजवीकडे बघायचा. मला तर त्याच्यासमोर पदर नीट करावासा वाटायचा. पाहुण्यांच्या सुनांच्या खणांना कांद्याच्या सालींच्या करंज्या, आणि त्या इतक्या करंज्या दिसत होत्या की सासऱ्यांनी येता जाता एक उचलली आणि दातांखाली धरली.

"मामंजी, तो आहेर हाय," जाऊबाई म्हणाली.

"मला वाटलं खसखशीची हाय," म्हणाले, आणि करंजी परत ठेवून बाहेर गेले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं.

राहिलं लुगडं. त्याला काहीतरी मोठं पाहिजे होतं. आणि इथे माझा हात लागला, ते मी लपवत नाही.

सासऱ्यांच्या दफ्तरात जुने कागद होते. निजामाचं राज्य, सरकारी कामकाज सगळं उर्दूत. अमीन म्हणजे तेव्हाचा फौजदार, त्याचा कारकून येऊन लिहायचा, आणि सासऱ्यांना उर्दू सहीपुरती येत होती. सही कुठं करायची ते कारकून बोट ठेवून दाखवायचा. वाळवी लागायच्या आत हे चुलीत घाला, असं सांगून त्यांनी तो गठ्ठा घरात दिला होता. जाऊबाईनं तो चुलीत घातला नाही हे वेगळं सांगायला नको.

मी गठ्ठा उलगडला आणि जागीच बसले. घरात कुणालाच वाचता येत नव्हतं, पण वाचायची गरज काय? काळ्या शाईची ती अक्षरं, कुठं डोलणारी, कुठं झोके घेणारी, नुक्त्यांची तर नुसती मोत्यांची उधळण. त्यातले चार ताव मी निवडले, सगळ्यांत सुंदर. एकावर तर खाली रुपयाएवढा लाल शिक्काही होता.

जाऊबाई म्हणाली, "कोरी बाजू वर घेऊ."

"बाई, दागिना कुणी उलटा घालतं का?" मी म्हटलं. "अक्षरं वर घ्या. शिक्का कळसाला येऊ द्या."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि अक्षरं वर घेतली.

चार ताव खळीनं जोडून एक केला. मग घड्या. मी मोजायला बसले, दोनशेपर्यंत मोजलं, पुढे माझे आकडे संपले. संध्याकाळी पाटावर देऊळ उभं होतं. जांबच्या रामाच्या देवळासारखं शिखर, चारी अंगांना कमानी, कमानीखाली ओवऱ्या, आणि भिंतीवरून ती काळी अक्षरं कोरीव कामासारखी चढत गेलेली. कळसाला लाल शिक्का. त्या सगळ्या इमारतीला एकच बंधन, कापसाचा एक दोरा. गाभाऱ्यात लुगडं. मी हात जोडले. खोटं कशाला सांगू, मी प्रदक्षिणाही घातली.

शेवंतीचा दिवस आला. वेशीवरच्या मारुतीपुढे पाहुण्यांच्या गाड्या सुटल्या, घोंगड्या अंथरल्या, हलगी आणि सनई वाजायला लागली. वन्सं घरात हळदीच्या अंगानं बसलेल्या. आम्ही सुपातून एकेक आहेर नेत होतो. हंस गेला तेव्हा पाहुण्यांच्या बाया कुजबुजायला लागल्या. पोपट गेला तेव्हा दोन पोरी तो कुणाचा यावरून भांडल्या. शेवटी देऊळ आलं आणि वेशीवर कुणी श्वास घेईना. सनईवाल्याचे गाल फुगलेले तसेच राहिले, वाजवायचं तो विसरला.

विहीणबाई घोंगडीवर बसल्या होत्या. थोराड बाई, पण आवाज एकदम हळू. हळू बोलणाऱ्या बाईला सगळं गोत घाबरतं. त्यांनी देवळाकडे पाहिलं आणि पुढे सरकल्या.

आणि त्यांच्यामागून त्यांचा थोरला भाऊ पुढे आला. नवरदेवाचा मामा. काळी शेरवानी, लाल रुमी टोपी, जालन्याला कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद वाचून दाखवणारा कारकून. आमच्या सगळ्या वेशीवर उर्दू वाचू शकणारा तो एकच माणूस, आणि आम्ही त्याच्या बहिणीच्या पुढ्यात उर्दू देऊळ ठेवलं होतं.

"अक्षर बहुत उम्दा हाय, पाटील," तो म्हणाला आणि वाचायला लागला. मजकूर भिंतीभिंतीवरून फिरत गेलेला, त्यामुळे त्याला देवळाभोवती फिरत वाचावं लागलं. पहिल्या फेरीला तो हसत होता. दुसऱ्या फेरीला त्याच्या भुवया टोपीत शिरल्या. तिसऱ्या फेरीला तो थांबला.

"पाटील, हा मुद्देमालाचा पंचनामा हाय. चोराच्या घरी सापडलेला माल. एक लुगडं, दोन खण, एक पितळी तांब्या बुडाला चेमटलेला." त्यानं मागच्या भिंतीवर बोट ठेवलं. "आणि ही तुमची सही."

सासऱ्यांनी वाकून पाहिलं. तेवढीच एक गोष्ट त्यांना त्या देवळावर वाचता येत होती.

पाहुण्यांतला कुणीतरी मागून म्हणाला, "चोरीच्या मालासंगं पाटलानं पावती बी बांधली."

हसले काही जण, पण ते हसू लवकर विरलं. कंट्रोलच्या दिवसांत, जिथे नवरीला लुगडं मिळत नाही तिथे विहिणीला लुगडं आणलं कुठून, हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर येऊन उभा राहिला. हलगी थांबली. वन्संनी मला नंतर सांगितलं, वेशीवरचा गलबला घरात ऐकू येत होता तोवर त्या निवांत होत्या. गलबला थांबला तेव्हा त्या उठून दारात आल्या.

विहीणबाई म्हणाल्या, "लुगडं कुठून आलं, एवढंच सांगा पाटील."

"थोरल्या सुनेच्या भावानं आणलं. जालन्याहून," सासरे म्हणाले. बिचाऱ्यांना तेच खरं वाटत होतं.

"मंग परमिट असंल," मामा म्हणाला. "दाखवा. बात खतम."

परमिट कुठलं? सासऱ्यांनी जाऊबाईकडे पाहिलं. माझ्या पायाखालची जमीन अशी हलली की शेजारच्या बाईनंही हात टेकला. ट्रंकेतलं आहे म्हणावं तर उष्टा आहेर. गप्प बसावं तर चोरीचा. दोन्हीकडून गाड्याच जुंपल्या जाणार होत्या. आणि ही सगळी करणी कुणाची? अक्षरं वर घ्या म्हणणारीची.

जाऊबाई पुढे झाली. डोक्यावरचा पदर सारखा केला, विहीणबाईंच्या समोर बसली, आणि कळसाजवळचा दोरा चिमटीत धरून ओढला.

ते मी कसं सांगू? कळस खाली बसला. शिखर चार पाकळ्यांत उघडलं. कमानी एकामागून एक पाठीवर पडल्या, ओवऱ्या सरळ झाल्या, कुठं चर्र झालं नाही, कुठं अडकलं नाही. कमळ सकाळी उमलतं त्याला एक घटका लागते, याला एक श्वास लागला. अख्खं देऊळ एक सपाट कागद होऊन घोंगडीवर पसरलं आणि मधोमध ते कुसुंबी लुगडं.

मामा वाकला. कागदाकडे पाहिलं, लुगड्याकडे पाहिलं. "यात हिरवं लिहिलंय," तो पुटपुटला. "हिरवं, जरीकाठी. आन् साल बी लई जुनं."

पण विहीणबाईंचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी लुगडं उचललं. नाकाशी नेलं. पदराच्या दशांवरून बोटं फिरवली. घडीची रेघ अंगठ्यानं चाचपली, आणि ती रेघ किती वर्षांची आहे हे त्या अंगठ्याला कळलं असणार. कारण मग त्यांनी मान वर करून जाऊबाईच्या अंगावरचं लुगडं पाहिलं. त्याला गुडघ्याजवळ ठिगळ होतं. सुंदर ठिगळ, पण ठिगळच.

पुढचं त्या इतक्या हळू बोलल्या की मी मागेच उभी होते म्हणून ऐकलं.

"घडी मोडली न्हाईस?"

"न्हाई."

"किती वर्सं?"

"अकरा."

"का गं?"

"मोका आला न्हाई," जाऊबाई म्हणाली.

विहीणबाईंनी लुगडं परत कागदाच्या मधोमध ठेवलं. मग भावाला म्हणाल्या, "दादा, कागद तुम्ही वाचला. कापड मी वाचलं. लुगडं कोरं हाय आन् घरचं हाय. बसा आता."

दादा बसले. त्या टोपीचा गोंडासुद्धा हलला नाही.

"बांध बघू परत," त्या जाऊबाईला म्हणाल्या. "माझ्यासमोर."

चार दिवसांचं काम होतं ते. मला वाटलं, आता काही जमत नाही. पण घड्या कागदाला पाठ झाल्या होत्या आणि कागद हातांना. तिनं चार कोपरे उचलले. ओवऱ्या उभ्या राहिल्या, कमानी वाकल्या, शिखर चढत गेलं. पाहुणे सरकत सरकत पुढे आले, गाडीवान जुंपायला उचललेलं जू खाली टाकून आले, बैलांनी माना वळवल्या. मारुतीही जरा पुढे झुकला, असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवसापासून तो जरा पुढे झुकलेला आहे, जाऊन बघा. शेवटी तिनं दोरा फिरवला, शिक्का कळसाला आला, आणि हात मागे घेतले. मी तिच्याबरोबर पाच वर्षं भाकरी थापल्या होत्या. त्या क्षणी मला वाटलं, ही बाई मी कधी पाहिलीच नाही.

हलगी कुणी सुरू केली ते कळलं नाही. घराच्या दारातून वन्सं आत गेल्या, असं बघणाऱ्या बायांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांच्या बिऱ्हाडाकडून एक बाई सूप घेऊन आली. सुपात देऊळ. आहेर परत आला म्हणजे संपलंच.

पण निरोप वेगळा होता. विहीणबाईंनी सांगितलं होतं, आहेर आम्हाला पावला. पण कोरं कापड त्या आपण होऊन पहिल्यांदा नेसत नाहीत, घडी मोडायला मायेच्या माणसाला देतात. तर ती घडी थोरल्या सूनबाईंनी मोडावी, आज मांडवात, आणि लग्न लागल्यावर लुगडं परत पाठवावं.

जाऊबाई म्हणाली, "मला कुठं आता सवड हाय. पंगतीचं बघायचं हाय."

"दोरा तुम्ही ओढता का मी ओढू?" मी म्हटलं.

तिनंच ओढला. पण या वेळी सावकाश.

मांडवात ती आली तेव्हा त्या लुगड्याची खळ पावलागणिक करकरत होती. माझ्या कानांना तर भटजींच्या मंगलाष्टकांपेक्षा ती करकर मोठी लागत होती. बाया वळून बघायच्या आणि कोण पाहुणी आली म्हणून विचारायच्या. तिला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. ते हात, ज्यांना जगात कुठलीही गोष्ट कुठं ठेवायची ते कळत होतं. मग कुणीतरी तिच्या ओंजळीत अक्षता दिल्या आणि त्या हातांना जागा मिळाली.

अंतरपाट खाली आला. अक्षता पडल्या. अख्खा मांडव वन्संकडे बघत होता. विहीणबाई आणि मी मात्र तिच्याकडे.